स्वतःवरही थोडी माया

(रेडिओवर दिलेलं भाषण. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

घरातलं आवरून, मळ्यातनं येऊन, हातपाय धुऊन तुम्ही आत्ता कुठं टेकला असाल. आज आपण एका अशा दुखण्याविषयी बोलणार आहोत, ज्याची गोळी आमच्या पिशवीत नसते. हे दुखणं दुसऱ्याचं दुखणं बघणाऱ्या बाईला होतं.

आधी आमची ओळख सांगतो. आम्ही पलूस तालुक्यातल्या आठ जणी. पाच आशा, एक गटप्रवर्तक, एक अंगणवाडी सेविका, आणि ३४ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या आमच्या आक्का. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी आम्ही आक्कांच्या सोप्यात जमतो. आज बोलणारी एकटी असली तरी बोलणं आठ जणींचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतोय. नावं कुणाचीच सांगणार नाही, गावंही नाही.

आमचं हे जमणं सुरू झालं ते एका मिस्ड कॉलमुळं.

आमच्यातली एक आशा. तिच्या वस्तीत एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली, बाळ घरी आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघायचं असतं. ही तिसऱ्या दिवशी गेली, सातव्या दिवशी गेली. वजन केलं, ताप बघितला, नाळ बघितली. बाळ ठणठणीत होतं. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार लागलं, धाप लागली, तर थांबू नका, हेही आईला आणि आजीला सांगून आली.

दहाव्या दिवशी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्या घरातनं हिला फोन आला. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता आणि ही आतल्या खोलीत झोपली होती. पहाटे उठून बघितलं तर तीन मिस्ड कॉल. फोन लावला तोवर बाळ दवाखान्यात गेलं होतं, आणि तिथंच गेलं.

दवाखान्यात सांगितलं की जंतुसंसर्ग झाला होता, बाळ दोन दिवस दूध कमी पीत होतं. त्या दोन दिवसांत घरच्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. रात्री हिनं फोन उचलला नाही म्हणून ते थांबलेही नव्हते. शेजाऱ्याची गाडी काढून पंधरा मिनिटांत निघाले होते. हे सगळं तिला नंतर कळलं. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. फोन वाजला आणि मी उठले नाही.

पुढचे सहा महिने ती फोन उशाखाली घेऊन झोपायची. झोपायची म्हणायचं आपलं, डोळे उघडेच. रात्रीत चार-पाच वेळा फोन उघडून बघायची. त्या घरावरनं जायला नको म्हणून लांबच्या बोळानं जायची. घरी लेकरांवर खेकसायची. आणि काम? काम दुप्पट करायला लागली. सगळी रजिस्टरं पूर्ण, सगळ्या भेटी वेळेवर. आम्हाला वाटायचं, किती सावरली बघा. ती सावरली नव्हती, स्वतःला शिक्षा करत होती.

एका मासिक बैठकीनंतर गाडीची वाट बघताना तिच्या तोंडून बाहेर पडलं, "ते लेकरू माझ्यामुळं गेलं."

आणि मैत्रिणींनो, आम्ही त्या वेळी काय बोललो ते कबूल करतो, कारण तेच सगळीकडे बोललं जातं. एक म्हणाली, "देवाच्या मनात होतं." दुसरी म्हणाली, "असं मनाला लावून घेतलंस तर काम कसं करशील?" तिसरी म्हणाली, "विसर आता." आमचा हेतू चांगला होता, पण त्या तीन वाक्यांनी तिचं तोंड बंद झालं. परत महिनाभर ती काही बोलली नाही.

मग आक्कांनी तिला घरी बोलावलं. चहा ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, पहिल्यापासनं सांग. मी मधी बोलणार नाही." तिनं सगळं सांगितलं. आक्का खरंच मधे बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "त्या रात्री दुसऱ्या कुठल्या आशाचा फोन असा चार्जिंगला राहिला असता आणि ती आत्ता तुझ्यासमोर रडत बसली असती, तर तू तिला काय म्हणाली असतीस?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणाले असते, बाई, तू दिवसभर राबून झोपली होतीस. झोपणं हा काय गुन्हा आहे का?"

आक्का म्हणाल्या, "मग हे वाक्य तुला स्वतःला का चालत नाही?"

आजचं सगळं भाषण या एका प्रश्नाभोवती आहे.

आम्ही रोज किती जणींना धीर देतो. गर्भपात झालेल्या बाईला सांगतो, तुझं काही चुकलं नाही. टीबीची गोळी मधेच सोडलेल्या काकांना आम्ही बोल लावत नाही, आजपासनं परत सुरू करू म्हणतो. लेकराचं वजन वाढत नाही म्हणून रडणाऱ्या आईच्या पाठीवरनं हात फिरवतो. आणि स्वतःचं काही चुकलं, राहून गेलं, तर मात्र स्वतःला असे शब्द वापरतो की ते वैऱ्यालाही वापरणार नाही. बिनडोक, निष्काळजी, नालायक.

पुस्तकात याला आत्मकरुणा म्हणतात. आम्ही साधं नाव ठेवलंय, स्वतःवर माया. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात क्रिस्टिन नेफ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई आहेत. त्यांनी २००३ पासून या विषयावर लिहिलं, अभ्यास केला. त्या म्हणतात, या मायेत तीन गोष्टी येतात. पहिली, दुखतंय ते दुखतंय म्हणायचं, दडपायचं नाही आणि फुगवायचंही नाही. दुसरी, असं फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही, माणसाच्या जातीला चुकणं आणि कमी पडणं लागलेलंच आहे, हे ध्यानात ठेवायचं. तिसरी, जिवाभावाच्या मैत्रिणीशी बोलतो तसं स्वतःशी बोलायचं. आक्कांनी हे पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण त्या दिवशी सोप्यात त्यांनी याच तीन गोष्टी केल्या.

आता कुणी म्हणेल, म्हणजे चूक झाली तर स्वतःला माफ करून मोकळं व्हायचं का? ही शंका आम्हालाही आली होती. आक्कांनी तिला तसं मोकळं सोडलं नाही. एक कोरा कागद घेतला, त्यावर तीन रकाने पाडले. पहिला, माझ्या हातात काय होतं. दुसरा, माझ्या हातात काय नव्हतं. तिसरा, पुढच्या वेळी काय करायचं.

पहिल्या रकान्यात आलं: भेटी वेळेवर दिल्या, धोक्याची लक्षणं सांगितली, फोन लांब ठेवला. दुसऱ्या रकान्यात आलं: जंतुसंसर्ग, दोन दिवस घरच्यांनी न सांगणं, रात्रीची वेळ. फोन उचलला असता तर बाळ वाचलं असतं का? आक्कांनी 'नाही' असं खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "ते आता कुणालाच कळणार नाही. तेवढं ओझं राहील. पण तू उचलतेयस ते ओझं त्याच्या दहापट आहे." आणि तिसऱ्या रकान्यात आलं: आपण एकटीचा फोन नंबर देऊन येतो, ते बदलायचं. आता ती प्रत्येक बाळंतिणीच्या घरी भिंतीवर एक कागद चिकटवते. त्यावर बाळंतिणीच्या आणि बाळाच्या गाडीसाठी १०२, तातडीच्या कुठल्याही कामासाठी १०८ आणि आरोग्य केंद्राचा नंबर मोठ्या अक्षरात असतो. तिचा स्वतःचा नंबर सगळ्यात खाली. आम्ही पाचही जणी आता तेच करतो.

बघा, सहा महिने स्वतःला शिक्षा करून तिला जे सुचलं नव्हतं, ते अर्ध्या तासात सुचलं. स्वतःला मारत बसलेल्या बाईला चुकीकडे नीट बघताच येत नाही. भीती वाटते. मायेनं जवळ बसवलं की मग बघता येतं. लेकरांच्या बाबतीत आपल्याला हे चांगलं ठाऊक आहे. मार खाल्लेलं पोरगं प्रगतिपुस्तक लपवतं.

दवाखान्यांमधल्या मोठमोठ्या डॉक्टरांचंही असंच होतं. अल्बर्ट वू नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००० साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की, उपचारात काही चुकलं तर पहिला बळी अर्थातच रुग्ण आणि त्याचं घर. पण ज्याच्या हातून चुकलं तोही आतून मोडतो, तो दुसरा बळी. त्याला कुणी विचारत नाही. रुग्णाच्या दुःखाशी बरोबरी करायची नाही, ते दुःख पहिलं. पण दुसऱ्याकडे बघितलंच नाही, तर तिसऱ्या रुग्णाला बघायला त्याचे हात थरथरतात.

आशाचं आणखी एक वेगळं आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशाचं काम सुरू झालं, तेव्हाच ठरलं की आशा त्याच गावातली असावी. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. ते चांगलंच आहे, गावाला आपली बाई मिळते. पण मोठ्या दवाखान्यातली सिस्टर ड्युटी संपली की कपडे बदलून घरी जाते, तिथला रुग्ण तिच्या दारात येत नाही. आमची ड्युटी संपते कुठं? ज्या घरातलं बाळ गेलं, त्या घरातली आजी दुसऱ्या दिवशी नळावर भेटते. हळदी-कुंकवाला भेटते. भिशीत शेजारी बसते. दुःख मागं सोडून जायला आम्हाला दुसरं गावच नाही.

आणि कधी कधी तर आमचं आणि रुग्णाचं दुःख एकच असतं. २०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णामाईनं पात्र सोडलं. ८ ऑगस्टला आपल्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, लोकांना पुरातनं बाहेर काढणारी बोट उलटली. त्या दिवसाविषयी आम्ही जास्त बोलणार नाही. ज्यांची माणसं गेली, त्याही हे ऐकत असतील. फक्त त्या दिवसांतली आमच्यातल्या एकीची गोष्ट सांगतो. तिच्या स्वतःच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ती शाळेतल्या छावणीत होती. पूरग्रस्त म्हणूनही आणि आशा म्हणूनही. सकाळी स्वतःच्या लेकरांना खिचडीच्या रांगेत उभं करायची, आणि मग पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या वाटत, तापाचे रुग्ण शोधत, गरोदर बायकांची यादी करत फिरायची. सगळे तिला विचारायचे, ताई गोळी आहे का, ताई गाडी येणार का. ताई, तुझ्या घराचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. तिला स्वतःलाही ते सुचलं नाही.

ती रडली दिवाळीत. भिंतीला नवा रंग देताना पुराच्या गाळाची रेघ खालून परत उमटली, तेव्हा. अडीच महिन्यांनी. घरच्यांना कळेना, आता काय झालं? दुःख असं थांबून राहतं. त्याला कामाच्या दिवशी वेळ मिळाला नाही, तर सणाच्या दिवशी येतं.

त्यातनं उठतोय तोवर कोरोना. मार्च २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात, इस्लामपुरात रुग्ण सापडले आणि सगळा जिल्हा घाबरला. आम्ही घरोघरी फिरलो. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. हातात तापमापक आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन परत प्रत्येक दार. काही दारांत चहा मिळाला, काही दारं आम्ही दिसल्यावर लागली. आमच्यातली एक सव्वा महिना स्वतःच्या घरात पडवीत झोपली, धाकटं पोर आतनं हाका मारायचं. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या सगळ्या आशांचा सन्मान केला. आम्हाला अभिमान वाटला, खोटं कशाला बोला. पण त्या पडवीतल्या रात्री सन्मानानं भरून येत नाहीत. त्या कुणाला तरी सांगाव्या लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेनंच २०१९ साली आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. कामाचा ताण सतत राहिला आणि त्यावर इलाज झाला नाही तर माणूस बर्नआऊट होतो. त्याच्या तीन खुणा सांगितल्या. अंगात ताकदच उरत नाही. कामाविषयी विटाळल्यासारखं होतं, मन कोरडं पडतं. आणि आपल्याच्यानं काही धड होत नाही असं वाटायला लागतं. आम्ही याला करपणं म्हणतो. आच तीच, पीठ तेच, पण भाकरी वेळेत उलटली नाही की करपते. त्यात भाकरीचा दोष नसतो.

आमच्या बैठकीत आम्ही प्रत्येकीनं आपापली करपल्याची खूण सांगितली. एक म्हणाली, कुणी मेल्याचं कळलं तरी मला काहीच वाटेनासं झालं, आणि त्याचीच भीती वाटली. एकीचं डोकं दर बैठकीच्या आदल्या दिवशी चढायचं. एक घरी गेल्यावर तासभर कुणाशी बोलायची नाही. एक सगळ्यांशी गोड आणि नवऱ्याशी मात्र तुटक. तुम्हीही आपली खूण ओळखा. धूर यायच्या आधी वास येतो, तो ओळखायचा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काही आशा नाही, सिस्टर नाही. आमचा काय संबंध? तर मैत्रिणींनो, ज्या घरात सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्यात, त्या घरातली सून सिस्टरच आहे, फक्त पगार आणि सुट्टी नसलेली. ज्या आईचं लेकरू मतिमंद आहे, जिच्या नवऱ्याला डायलिसिसला न्यावं लागतं, जिचे सासरे रात्री उठून घराबाहेर निघून जातात, ती सगळी आरोग्याचीच कामं आहेत.

आमच्या एका बचत गटातली वहिनी. तीन वर्षं सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं करत होती. एका दुपारी दुसऱ्यांदा चादर बदलावी लागली, तेव्हा ती ओरडली, "मरत का नाही एकदाची!" म्हातारी काही बोलली नाही, भिंतीकडे तोंड करून पडली. ते वाक्य त्या वहिनीला वर्षभर छळत होतं. तिनं ते आमच्यापैकी एकीला सांगितलं, तेही इकडं-तिकडं बघून.

ती वाईट बाई आहे का? तीन वर्षांत एक हजारावर दिवस झाले. त्यातली एक दुपार. तिनं काय करायला हवं होतं, तर सासूबाईंच्या जवळ बसून "आई, मी दमले होते, तोंडातनं वाईट निघालं" एवढं म्हणायला हवं होतं. ते तिनं नंतर केलं. आणि जावेनं महिन्यातनं चार दिवस तरी यावं, हे सांगायला हवं होतं. तेही केलं. पण हे दोन्ही करण्याआधी तिला कुणीतरी म्हणावं लागलं, "बाई, तू थकलीयस. राक्षसीण नाहीस." दमलेल्या बाईला दमलेली म्हटलं की ती मदत मागते. वाईट म्हटलं की ती लपते.

आपल्याकडं चांगल्या बाईची व्याख्याच अशी की ती चंदनासारखी झिजावी. पण आपल्याच बागा बघा की. द्राक्षाची काढणी झाली की लगेच खरड छाटणी घेतो का आपण? वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती देतो. खत देतो, पाणी देतो, मग कात्री लावतो. विश्रांती न देता छाटलं तर पुढच्या सालचा माल मार खातो, हे बागेत कामाला जाणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. वेलीला जे देतो ते बाईला देताना मात्र आपल्याला आळस वाटतो.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. फार मोठं काही नाही.

एक. घरात शिरण्याआधी पायावर पाणी घेतो. मयतीहून आल्यावर आपण घेतोच. आम्ही रोज घेतो. पाणी पायावर पडेपर्यंत तीन श्वास सावकाश सोडतो आणि मनात म्हणतो, आजचं झालं तेवढं झालं. मग घरात पाऊल.

दोन. कुठं मृत्यू झाला, वाईट प्रसंग झाला, तर त्याच दिवशी आमच्यातल्या एकीला फोन करायचाच. सल्ल्यासाठी नाही, फक्त सांगायला. आणि ज्या बाईला फोन आला तिनं दुसऱ्या दिवशी परत फोन करून विचारायचं, "जेवलीस का? झोप लागली का?"

तीन. मन खायला लागलं की तो तीन रकान्यांचा कागद. लिहिता येत नसेल तर मैत्रिणीनं विचारावं, आपण सांगावं.

चार. महिन्याची बैठक. तिचे नियम आम्ही ठरवलेत. रुग्णाचं नाव, घर, आळी सांगायची नाही. ती माहिती आमच्या विश्वासावर आमच्याकडं आलेली असते. इथलं बोलणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. एक बोलत असताना बाकीच्यांनी मधे पडायचं नाही. न विचारता सल्ला द्यायचा नाही. 'माझं तर याहून वाईट झालं' असं म्हणून तिचं बोलणं आपल्याकडं ओढायचं नाही. रडू आलं तर येऊ द्यायचं, लगेच 'रडू नको' म्हणायचं नाही.

ही युक्ती आमची नाही बरं का. जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे या नवरा-बायकोनं काम सुरू केलं. तिथं खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या बायका गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या नियमानं जामखेडला एकत्र जमायच्या, मुक्काम करायच्या, नवं शिकायच्या आणि आपापल्या गावात काय झालं ते एकमेकींना सांगायच्या. एकट्या बाईला गाव दाबतं. तिच्या पाठीशी पंधरा बायका आहेत हे तिला ठाऊक असलं की तिचा आवाज बदलतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. स्वतःवर माया करा म्हणजे हक्काचं बोलू नका, असं आम्ही म्हणत नाही. वेळेवर मोबदला नाही, एकीवर तिघींचं काम, हे श्वास मोजून सुटत नाही. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तीही स्वतःची किंमत ओळखण्याचीच गोष्ट होती. ताण कामाच्या रचनेत असेल तर दुरुस्ती तिथंच व्हायला हवी. आपण एवढंच बघायचं, की ती दुरुस्ती होईतो आपण मोडून पडू नये, आणि ती मागायला आपल्यात बळ राहावं.

आणि एक महत्त्वाचं. सगळंच मैत्रिणींनी बोलून बरं होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगून काय करायचं असे विचार येतात, तर ते आजारपण आहे आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानस नंबर लिहून घ्या. परत सांगतो, एक, चार, चार, एक, सहा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्यातल्या एकीनं तो फोन केलाय. पुढं तिला गोळ्या लागल्या, ती बरी आहे, कामावर आहे. साखरेची गोळी घेताना आपण लाजत नाही, मग यात काय लाजायचं?

शेवटी गटांना आमचं मागणं. तुमच्या गावातल्या आशाला, सिस्टरला, अंगणवाडीच्या ताईंना पुढच्या बैठकीला बोलवा. योजना सांगायला नको, नुसतं बसायला. चहा द्या. विचारा, "ताई, तुझं कसं चाललंय?" ती आधी म्हणेल, बरं चाललंय. जरा थांबा. परत विचारा. गावात एखादी वाईट घटना झाली तर लगेच तिच्याकडं बोट करू नका. आधी काय झालं ते विचारा. साध्या कामासाठी रात्री दहानंतर फोन करू नका, म्हणजे खऱ्या अडचणीचा फोन तिला जागं करेल. आणि तुमच्याच गटात जी कुणी घरी आजाऱ्याचं करते, तिच्यासाठी दोघींनी मिळून आठवड्यातनं एक दुपार वाटून घ्या. तिला माहेरी जाऊन येऊ द्या, नाहीतर नुसतं झोपू द्या.

मिस्ड कॉलवाली आमची मैत्रीण आता कशी आहे, हे तुम्हाला विचारावंसं वाटत असेल. फोन अजून तिच्या उशाशीच असतो. पण रात्री पाच वेळा उघडून बघत नाही. त्या घरावरनं जाते. परवा त्या बाळाची आजी दारात बसली होती, तिनं हाक मारली, ही थांबली. दोघी थोडा वेळ बसल्या. काय बोलल्या, ते तिनं आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

शनिवारी आक्कांच्या सोप्यात आम्ही असूच. तुम्हीही आपापल्या गावात असा एक सोपा शोधा. येतो आम्ही. नमस्कार.